गोलबाजारातील रानमेवा

जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा या चार दरवाजांच्या परकोटात गोंड राजांची जुनी राजधानी वसली. चंद्रपूरचा गोलबाजार याच परकोटाच्या आत आहे. शहरात वातानुकूलित दालने उभी राहिली, मोबाइलवर मागविलेली वस्तू दारी येऊ लागली. तरीही पावसाळ्यात गोलबाजारातील गर्दी ओसरत नाही. खेड्यांतून आलेल्या स्त्रिया रस्त्याच्या कडेला पोते अंथरून बसतात. बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे इकडचे ‘वास्ते’, तरोट्याची भाजी, आणि ‘सातया’ नावाची अळिंबी, जिचा भाव ऐकून नवखे गिऱ्हाईक दचकते.

जैन स्वयंपाकघरात अळिंबीला प्रवेश नाही; परंतु श्रीखंड-बासुंदीवर पेरली जाणारी चारोळी याच जंगलाची देणगी आहे. उन्हाळ्यात चारची काळसर फळे पिकतात. ती वेचायची, गर काढून बी वाळवायची, जात्यावर अशा बेताने भरडायची की कवच फुटावे पण दाणा मोडू नये. एवढ्या कष्टांनंतर ओंजळभर चारोळी हाती येते. गडचिरोलीच्या दुर्गम भागात एकेकाळी तिच्या मोबदल्यात मीठ दिले जाई. त्याला व्यापार म्हणणे कठीण आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी गावकऱ्यांना दिली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून तेथील ग्रामसभा आपला बांबू स्वतःच्या वाहतूक परवान्यावर विकू लागली. जेथे ग्रामसभा अशी सबळ नाही, तेथे दारात येणारा कोचिया भाव सांगतो आणि तराजूही त्याचाच असतो. शहरातील बाजारात बसणारी स्त्री मात्र शेजारणीचा भाव ऐकते, चार गिऱ्हाइके पारखते आणि मग आपला आकडा सांगते. एसटीचे भाडे वजा जाता हाती थोडेच उरते, हेही खरे.

म्हणूनच रहदारीच्या नावाखाली या पोत्यांची जागा आक्रसली, तर तिला पुन्हा कोचियाकडेच वळावे लागेल. दालनात छापील किंमत निमूटपणे देणारे गिऱ्हाईक येथे पाच रुपयांसाठी घासाघीस करते, हे अनाकलनीय आहे.

नवी चारोळी ज्येष्ठाच्या सुमारास येते. दाणा अखंड पाहून घ्यावी, आणि थोडीच घ्यावी. साठवलेली लवकर खवट होते.