ओझे कोणाच्या डोक्यावर?

ही तीन वाक्ये मोठ्याने वाचा : ‘मुलगा गेला आहे. मुली गेल्या आहेत. मुले गेली आहेत.’ कर्ता बदलताच ‘गेला’चे ‘गेल्या’ किंवा ‘गेली’ झाले, आणि ‘आहे’चे ‘आहेत’ झाले. म्हणजे मराठीत मुख्य क्रियापद आणि सहायक क्रियापद हे दोघेही कर्त्याचे ओझे थोडे थोडे वाहतात.

आता तीच वाक्ये इंग्रजीत पाहू : ‘द बॉय हॅज गॉन. द गर्ल्स हॅव गॉन. द चिल्ड्रन हॅव गॉन.’ येथे ‘गॉन’ जागचे हललेसुद्धा नाही. बदलले ते फक्त ‘हॅज’. रांग आणखी लांबवा : ‘द बॉय हॅज बीन प्लेइंग’, ‘द बॉईज हॅव बीन प्लेइंग.’ तीन क्रियापदे आहेत, पण बदल पहिल्यातच. यावरून नियम असा निघतो : इंग्रजीत एकवचन-अनेकवचनाचे ओझे रांगेतील पहिलाच गडी उचलतो. बाकीचे रिकाम्या हातांनी चालतात.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते. तरीही शिरूर अनंतपाळला काय किंवा मुंबईला काय, मराठी बोलणाऱ्या मुलाच्या वहीत ‘डज द बस गोज टू उदगीर?’ असे वाक्य सहज सापडेल. हा निष्काळजीपणा नव्हे. दोघांनी ओझे वाहावे ही मराठीची शिस्त त्याने इंग्रजीला लावली, इतकेच. ‘डज’ने ओझे उचलले, तेव्हा ‘गो’ मोकळे झाले. म्हणून ‘डज द बस गो?’ आणि बसगाड्या अनेक असतील तर ‘डू द बसेस गो?’

पण पहिल्या जागी ‘कॅन’, ‘मे’ किंवा ‘शॅल’ आले तर? ‘द बॉय कॅन स्विम’, ‘द बॉईज कॅन स्विम’. येथे तर कोणीच बदलत नाही! याचे कारण इतिहासात आहे. ही क्रियापदे मुळात भूतकाळी रूपे होती. पुढे त्यांना वर्तमानकाळाचा अर्थ आला. आपणही ‘समजले का?’ याला ‘समजले’ असे उत्तर देतो. रूप भूतकाळाचे, अर्थ मात्र ‘आता मला कळते आहे’ असा. ‘कॅन’चा मूळ अर्थ ‘जाणून घेतले’, त्यावरून ‘जाणतो’, आणि मग ‘करू शकतो’. संस्कृतातील ‘ज्ञा’ आणि आपले ‘जाणणे’ हे त्याचेच दूरचे भाऊबंद! भूतकाळी रूपाला ‘स’ लागत नाही. ‘ही वेंट’, ‘दे वेंट’ सारखेच. म्हणून ‘ही कॅन’, ‘दे कॅन’ हेही सारखेच राहिले. ‘विल’ निराळ्या घरातून आले, पण याच पंक्तीत बसले.

आता दोन खड्डे ओळखून ठेवा.

पहिला खड्डा आदराचा. ‘माझे वडील शेतात गेले आहेत’ असे आपण म्हणतो. वडील एकच, पण क्रियापद अनेकवचनी. हे आदरार्थी बहुवचन. इंग्रजीत मात्र ‘माय फादर हॅज गॉन’ असेच हवे, ‘हॅव’ नको. यात वडिलांचा अनादर होत नाही, कारण इंग्रजी तेथे फक्त माणसे मोजते. गंमत म्हणजे आदरार्थी बहुवचन इंग्रजीलाही ठाऊक होते. पूर्वी एकाला ‘दाऊ आर्ट’ म्हणत, आणि अनेकांना किंवा आदराने ‘यू आर’. हळूहळू ‘यू’ सर्वांनाच वापरू लागले. आज समोर एकच मित्र असला तरी ‘यू इज’ म्हणत नाहीत, ‘यू आर’ म्हणतात, ते यामुळेच.

दुसरा खड्डा शेजाऱ्याचा. ‘पुस्तकांची पेटी जड आहे’ या वाक्यात ‘पेटी’ हा कर्ता क्रियापदाजवळ आहे, आणि ‘पुस्तकांची’ या शब्दाला विभक्तीचा प्रत्यय आहे. इंग्रजीत क्रम उलटतो : ‘द बॉक्स ऑफ बुक्स इज हेवी.’ आता ‘बुक्स’ हे अनेकवचन सहायक क्रियापदाला खेटून बसते, आणि जीभ ‘आर’कडे ओढली जाते. इंग्रजी ही मातृभाषा असणारेही येथे घसरतात. कॅथरिन बॉक आणि कॅरॉल मिलर या अमेरिकन संशोधकांनी १९९१ साली याचे प्रयोग प्रसिद्ध केले. वाक्याचा आरंभ ऐकवायचा आणि ते पूर्ण करायला सांगायचे, अशी त्यांची रीत होती. कर्ता एकवचनी आणि मधला शेजारी अनेकवचनी असला की चुका वाढतात, असे त्यांना आढळले.

यावर उपाय मराठीच देते. वाक्य मनात मराठीत म्हणा. ज्या शब्दाला ‘ची’, ‘चा’, ‘पैकी’ असे काही चिकटले असेल, तो या वाक्यात कर्ता नव्हे. ‘मुलांपैकी एक आजारी आहे’ यात ‘मुलां’ना ‘पैकी’ चिकटले, उरला ‘एक’. म्हणून ‘वन ऑफ द बॉईज इज इल’.

मग सांगा पाहू, ‘बैलांची जोडी विहिरीजवळ उभी आहे’ याचे इंग्रजी करताना ‘इज’ घ्याल की ‘आर’? आणि ‘आमचे मुख्याध्यापक आले आहेत’ यात ‘हॅज’ की ‘हॅव’? आधी खरा कर्ता शोधा, तो एक की अनेक ते मोजा, आणि मगच पहिल्या गड्याच्या डोक्यावर ओझे द्या.