छेद किती लहान, हा नंतरचा प्रश्न

सोनोग्राफीच्या अहवालात यकृतातली हायडॅटिड गाठ निघाली, की भिलाईच्या कुरुदमधलं घर असो वा नागपूरचं, सगळे आधी एकच विचारतात: ऑपरेशन दुर्बिणीने होईल ना? पोट उघडायची भीती खरीच आहे. पण एकायनोकॉकस या फीतकृमीने केलेल्या गाठीचा उपचार ठरतो, तो गाठ कोणत्या अवस्थेत आहे यावरून. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने सोनोग्राफीत दिसणाऱ्या रूपावरून सीई-१ ते सीई-५ असे टप्पे पाडले आहेत. आत नुसतं पाणी असलेली, ५ सेंटिमीटरहून लहान गाठ बऱ्याचदा अल्बेंडाझोलच्या गोळ्यांनीच आटोक्यात येते. घट्ट होऊन चुना धरलेली गाठ त्रास देत नसेल, तर तिच्यावर फक्त लक्ष ठेवतात; तिथे दुर्बिणीचा छोटा छेदही अनाठायीच.

पाण्याने भरलेल्या मोठ्या गाठीसाठी सुईचा मार्ग आहे: सोनोग्राफीत बघत यकृतातून सुई गाठीत न्यायची, पाणी ओढायचं, जंतुनाशक द्राव सोडायचा, थोड्या वेळाने तोही काढून घ्यायचा. यावर जुना आक्षेप असा की एक थेंब पोटात सांडला तरी जिवावर बेतणारी ॲलर्जी उठेल आणि नव्या गाठी रुजतील. हा धोका नाकारण्यासारखा नाहीच. म्हणून अल्बेंडाझोल आधी सुरू करून नंतरही किमान महिनाभर देतात आणि भूलतज्ज्ञ हजर असतो. पण १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या श्रीनगरच्या अभ्यासात ५० रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी झाली होती. सुईवाल्यांचा रुग्णालयातला मुक्काम सरासरी ४.२ दिवस, शस्त्रक्रियावाल्यांचा १२.७, गाठी नाहीशा होण्याचं प्रमाण ८८ आणि ७२ टक्के, आणि गुंतागुंतीही सुईच्या गटात कमी. नमुना लहान, हे खरं. तरी भीतीपोटी सुई नाकारायला त्यानंतर आधार उरला नाही.

मात्र गाठीची वाट पित्तनलिकेत उघडत असेल, तर तोच द्राव नलिका कायमच्या आकसवू शकतो. आधी ओढलेल्या पाण्यात पित्त आहे का हे तपासल्याशिवाय तो सोडायचा नसतो. आणि आत द्राक्षांसारख्या पिल्लू-गाठी भरल्या असतील, तर बारीक सुईतून त्या निघतच नाहीत. इथे दुर्बिणीची शस्त्रक्रिया खरी कामाला येते. कोइम्बतूरचे डॉ. सी. पलनिवेलू यांनी यासाठी खास नळी बनवली: ती गाठीच्या भिंतीला टेकवून शोषण चालू ठेवायचं, मग आतून छेद घ्यायचा, म्हणजे गळणारं पाणी नळीतच ओढलं जातं. भोवती क्षारद्रावाने भिजलेल्या गॉजच्या पट्ट्या असतातच. तरीही यकृताच्या मागच्या, खोल भागातल्या गाठीपर्यंत दुर्बिणीची हत्यारं नीट पोहोचत नाहीत. तिथे पोट उघडणारा सर्जन मागासलेला ठरत नाही.

दुर्बिणीच्या खर्चाचा आक्षेप उरतो. पण खर्च शस्त्रक्रियेपाशीच संपत नाही: कोणताही मार्ग घेतला तरी गाठ काही वर्षांनीही पुन्हा येऊ शकते, आणि गोळ्या चालू असताना यकृताच्या व रक्तपेशींच्या तपासण्या कराव्याच लागतात. भिलाईहून रायपूरला जाणाऱ्या रस्त्यावर टाटीबंधला एम्स आहे. तिथल्या पुढच्या सोनोग्राफीच्या तारखा सांभाळणं हा या उपचाराचाच भाग आहे.