भेंडीचा कटोरा

वसईतील जुन्या घरांच्या ओटीवरचे कातीव कठडे आणि पलंगांचे मणीदार पाय पाहिले म्हणजे या मुलखात कातारी लोकांना एके काळी गिऱ्हाइकाची वाण नसावी असे मनात येते. आणि ज्या प्रांतातील आगाशी बंदरात सोळाव्या शतकात दर्यावर्दी जहाजे बांधली जात, व जेथे १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता, तेथे लाकडाची पारख मुरलेली असावी यात नवल ते काय! सांप्रत ते कातकाम वालीवकडच्या एका मिस्त्रींच्या गाळ्यात विजेच्या लेथवर चालते. सोफ्याचे पाय आणि जिन्याचे दांडे हा तेथला नित्याचा व्यवसाय. कटोऱ्याची फर्माईश क्वचित.

मी गेलो तेव्हा लेथवर वादळात उन्मळलेल्या भेंडीचा ओला तुकडा चढविलेला होता. समुद्रकाठच्या या वृक्षाला आपल्याकडे फारशी प्रतिष्ठा नाही. परंतु दूर हवाई बेटांवर त्याच्या लाकडाचे कटोरे अन्नासाठी पसंत करीत, कारण ते अन्नाला स्वतःची चव लावीत नाही. ओंडका उभा चिरून मधला गाभा वगळलेला होता. तो राहिला तर पहिला तडा तेथूनच जातो.

दांड्याच्या लाकडात शिरा आसाला समांतर असतात, कटोऱ्यात मात्र त्या आडव्या येतात. म्हणून प्रत्येक फेऱ्यात हत्याराला दोनदा शिरांची तुटकी टोके सामोरी येतात, आणि ती उचकटू नयेत यास्तव बाहेरचे अंग बुडाकडून काठाकडे व आतले अंग काठाकडून बुडाकडे कातावे लागते. मिस्त्रींनी गोल पटाशी टेकणावर ठेवून, धारेमागचा उतार आधी लाकडाला घासू देऊन, मग मूठ किंचित वर उचलली मात्र, ओल्या सालपटांची लांबच लांब भेंडोळी त्यांच्या खांद्यावरून मागे पडू लागली. भिंत पातळ होऊ लागली तसा आवाज चढत गेला. जाडी मोजण्याचे साधन भिंतीवर लटकत असूनही त्यांचा भरवसा कानावरच होता.

इतके झाले आणि त्यांनी यंत्र बंद केले. दहा इंच रुंदीच्या कटोऱ्याची भिंत एक इंच जाड, म्हणजे माझ्या दृष्टीने काम अर्धवटच!

"साहेब, हा आज गोल आहे. सुकला की अंडाकार होईल," ते म्हणाले.

लाकूड वर्तुळांच्या दिशेने आकसते ते गाभ्याकडून सालीकडे आकसण्याच्या जवळजवळ दुप्पट, त्यामुळे हा बिघाड अटळ. ही जाडी पुढच्या दुसऱ्या कातकामासाठी राखलेली शिल्लक होय. काठाला मेण फासून, काट्यावर तोलून, वजन बुडाशी खडूने टिपायचे. पुन्हा पुन्हा तोलूनही ते उतरेनासे झाले की मगच कटोरा पुन्हा लेथवर. वसईच्या खाऱ्या, दमट हवेत, त्यातून पावसाळ्यात, ही मुदत कोणत्याही पंचांगात सापडत नाही. शेवटी हात फिरतो तो जवसाच्या तेलाचा, कारण ते सुकते. खोबरेल, आपले लाडके असले तरी, सुकत नाही आणि खवटते.

तेवढ्यात मुंबईचे एक गृहस्थ आले. त्यांना दिवाळीच्या भेटीसाठी कटोरे हवे होते आणि तारखेची लेखी हमीही. मिस्त्रींनी हिशेबाच्या वहीतून त्यांच्या विसाराच्या नोटा काढल्या, मोजल्या आणि परत केल्या.