फिरंगी पाते, मराठी मूठ

युरोपीय तलवारीच्या घडणीचा आढावा घ्यावा, अशी संपादकमहाशयांची फर्माईश आली, तेव्हा ती शिरसावंद्य मानूनही मी त्यांना आरंभीच बजावले की, ज्यांस ही कथा अथपासून इतिपर्यंत समतोलपणे हवी असेल त्यांनी ती अन्यत्र वाचावी. मुळशी तालुक्यातल्या मारुंजीस बसून लिहिणाऱ्या माणसाला तिचे जे प्रकरण जिव्हाळ्याचे, ते टोलेडो, जिनोआ किंवा झोलिंगेन येथे सुरू होऊन पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत उतरते आणि घाट चढून देशावर येते.

कांस्ययुगातील पर्णाकृती पाते, रोमन पायदळाचा आखूड ग्लाडिअस, स्वारांचा लांब स्पाथा, हे सारे वाचकांस परिचित आहे असे धरून चालतो. व्हायकिंगांच्या तलवारींचे वर्गीकरण नॉर्वेच्या यान पेटरसनने १९१९ साली करून ठेवले आणि मध्ययुगीन तलवारींचे इंग्लंडच्या ईवर्ट ओकशॉटने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्या दोघांपुढे जाऊन सांगण्याजोगे माझ्यापाशी काही नाही. ध्यानी ठेवायचे ते एवढेच की, अकराव्या-बाराव्या शतकांतले रुंद, चपटे, मधोमध पन्हळ असलेले पाते घाव घालण्यासाठी होते. चौदाव्या शतकात पोलादी पत्र्याचे चिलखत अंगभर चढले, तेव्हा पात्यालाही निमुळते आणि ताठ व्हावे लागले, कारण पत्रा कापता येत नाही, त्याच्या सांध्यांत भोसकावे लागते. आणि पुढे बंदुकीने तो पत्राच निरुपयोगी ठरविला, तेव्हा दरबारी माणसाच्या कमरेस रेपिअर आणि नंतर तिचाही खुजा अवतार लटकू लागला, तर घोडदळाकडे रुंद पाते परतले.

नेमक्या याच उलथापालथीच्या काळात पोर्तुगीज जहाजे आमच्या किनाऱ्यावर आली. १४९८ मध्ये कालिकत आणि १५१० मध्ये गोवा, या दोन सनांनंतर युरोपीय पाती दख्खनेत येऊ लागली आणि सतराव्या शतकात सुरतेच्या इंग्रज वखारीनेही हा माल विकण्याचा उद्योग करून पाहिला. आमचे पोलाद उणे होते म्हणून ही पाती आली, असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही; दक्षिणेतील मुशीच्या पोलादाची ख्याती इराणपर्यंत गेलेली होती. परंतु लांब, सरळ, वाकवले तर वाकणारे आणि सोडताच सरळ होणारे पाते मुबलक संख्येने घडविणे, ही झोलिंगेनसारख्या गावांची पिढीजात करामत होती, आणि जाळीचे चिलखत किंवा रुईभरला अंगरखा घालून लढणाऱ्या दख्खनी स्वाराविरुद्ध तेच पाते उपयोगी पडणारे होते. युरोपात ज्या पात्याची सद्दी ओसरत चालली होती, त्याला येथे दुसरा जन्म मिळाला.

तो जन्म मुठीने दिला. फिरंगेची, म्हणजे फिरंगी पात्याच्या या तलवारीची, मूठ ज्याने हाती धरली आहे त्याला हे सांगावे लागत नाही: आत कापडाची गादी, बोटांच्या रक्षणास रुंद पट्टी, शेवटी चकती, आणि त्या चकतीतून निघणारा, किंचित वाकलेला खुंटीवजा दांडा, ज्यावर प्रसंगी डावा हात टेकवून दोन्ही हातांचे बळ एका घावात उतरवावे. पात्याच्या मुळाशी दोन्ही अंगांनी लांब पट्ट्या जडवलेल्या असतात. त्यांनी लवचीक पात्याला मुठीलगत ताठपणा येतो. पट्टा या हत्याराची गोष्ट तर आणखी न्यारी. कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी खोळ, आत आडवी पकड, आणि पुढे बव्हंशी तेच परदेशी पाते: मनगटाची हालचाल बंद करून सगळा वार खांद्यातून काढण्याची ही योजना मला युरोपच्या कोणत्याही काळच्या तलवारीत आढळलेली नाही. तलवारीची जात पात्यावरून ठरवायची की मुठीवरून, या वादात माझे मत आजन्म मुठीच्या बाजूने पडत आले आहे.

दुसऱ्या बाजूचे विद्वान दोन प्रकारचे आहेत. एकास परदेशी पाते म्हटले की अस्मितेस धक्का बसतो; दुसऱ्यास प्रत्येक सरळ पाते पोर्तुगीज दिसते. पहिल्यांनी कोल्हापूरच्या छत्रपती चौथ्या शिवाजी महाराजांकडून १८७५ मध्ये युवराज एडवर्डकडे गेलेली आणि आज इंग्लंडच्या राजसंग्रहात असलेली 'जगदंबा' आठवावी. तिचे पाते युरोपीय असून त्यावर आय-एच-एस ही ख्रिस्ती अक्षरे उमटविलेली आहेत, पण तेवढ्याने ती परकी ठरत नाही. दुसऱ्यांनी शिक्क्यांवर इतका भरवसा टाकू नये. पासाऊच्या कारागिरांचा धावता लांडगा झोलिंगेनवाल्यांनी बिनदिक्कत उचलला. आंद्रेआ फेरारा या इटालियन नावाची पाती जर्मनीत घडून स्कॉटलंडात खपली. आणि आमचे लोहारही युरोपीय खुणांची नक्कल करण्यात मागे नव्हते. शिक्का हा पुरावा खरा, पण साक्षीदार फितूर असू शकतो.

पुण्यात माझ्या उमेदीच्या काळी एक वृद्ध शिकलगार होते. अक्षर वाचता येत नसे, परंतु पाते नखाने टिचकावून, नाद ऐकून, मग गुडघ्याला लावून हलकेच वाकवून ते 'विलायती' की 'इथलं' हे सांगत, आणि पुढे शिक्का सापडला तर बहुधा त्यांचाच निकाल कायम होत असे. माझ्या परिचयाच्या एका संग्रहालयात मात्र वर्षानुवर्षे एका उत्तम फिरंगेखाली 'तलवार, मराठा' एवढीच चिठ्ठी होती. मी दिलेले टिपण कोणत्या दप्तरात गडप झाले, देव जाणे.

वक्र सेबरची कहाणी मी आवरती घेतो, कारण ती हंगेरी-पोलंडकडची आणि माझ्या प्रेमाची नव्हे. पण एक हकिकत सांगितल्यावाचून राहवत नाही. पुढे १८५४ मध्ये बालाक्लाव्हाच्या रणात पडलेला कॅप्टन नोलन याने घोडदळावरील आपल्या ग्रंथात निजामाच्या स्वारांच्या भीषण घावांचा उल्लेख केला आहे. चौकशीअंती त्याला कळले की ती पाती इंग्रज घोडदळाने टाकून दिलेलीच होती. देशी मूठ चढवली, वस्तऱ्यासारखी धार लावली आणि लाकडी म्यानात ठेवली, एवढाच फरक; इंग्रजांची स्वतःची धार पोलादी म्यानात घासून बोथट होई. येथेही काम मुठीने आणि म्यानाने केले.

२०२५ च्या एप्रिलात नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात राज्य सरकारने ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली आणि ऑगस्टात ती मुंबईस आली. तिचे पाते युरोपीय घडणीचे, मुठीवर सोन्याची कोफ्तगिरी, आणि पाठीवर देवनागरीत मालकाच्या नावापुढे 'फिरंग' हा शब्द. सेनासाहेब सुभा म्हणविणाऱ्या रघूजीला पाते परदेशी असल्याची लाज वाटली नाही, त्याने ते सोन्याने लिहवून घेतले.

वर्तमानपत्रांनी किंमत मोठ्या अक्षरांत छापली, पाते कोणत्या गावचे हे विचारणारा मात्र मला विरळाच भेटला. सत्काराच्या मंचावर हल्ली पत्र्याची तलवार उगारतात, ती ना खांडा, ना धोप, ना सेबर. आमच्या मारुंजी-हिंजवडीकडे जुनी घरे पाडून मजले चढले. अशा वेळी माळ्यावरची जुनी हत्यारे भंगाराच्या ढिगात जातात, किंवा भावाभावांच्या वाटणीत पाते एकाकडे आणि म्यान दुसऱ्याकडे राहते. त्याहून घातक म्हणजे देवघरातले पाते खंडेनवमीला लखलखावे म्हणून यंत्राखाली घासून घेणे, कारण त्यात पन्हळीतले शिक्के कायमचे पुसले जातात.

तेव्हा ज्यांच्या घरी असे पाते असेल त्यांनी ते तेलाच्या फडक्यापलीकडे कशानेही पुसू नये. मुठीलगतच्या वीतभर भागाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे, लांबी, रुंदी, वजन लिहून ठेवावे, आणि ती नोंद पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या एखाद्या संस्थेकडे पुढल्या खंडेनवमीच्या आत पोहोचती करावी.