चंद्राच्या मातीची काच

म्हैसूरजवळून वाहणारी कावेरी पुढे तमिळनाडूत नामक्कल जिल्ह्याच्या कडेने जाते. त्या जिल्ह्यातील सित्तमपुंडीचा पांढुरका खडक चंद्राच्या उजळ डोंगराळ भागांतील खडकाशी नाते सांगतो. म्हणूनच भारतीय अवकाश संशोधन संस्थेने त्याची पूड करून कृत्रिम चंद्रमाती सिद्ध केली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलेल्या ‘चांद्रयान-३’च्या ‘प्रज्ञान’ गाडीलाही तेथील मातीत अ‍ॅल्युमिनियम, कॅल्शियम, सिलिकॉन व प्राणवायू आढळले.

म्हणजे काचेचे बहुतेक सामान तेथे आयतेच पडलेले आहे. उणीव सोड्याची! वाळू कमी उष्णतेत वितळावी म्हणून पृथ्वीवरचा काचकार तीत सोडा मिसळतो. चंद्रावर सोडियम अगदी थोडे, तेव्हा भट्टी अधिक तापवावी लागणार. आरशांनी सूर्यकिरण एकवटून ती तापवता येईल; मात्र तेथील रात्र आपल्या चौदा दिवसांची. उलट, पाण्याचा अंश काचेला दुर्बळ करतो. चंद्रावर हवा नाही, दमटपणा नाही. तेव्हा तेथील काच अधिक बळकट निघावी, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. पृथ्वीवरून न्यावयाच्या प्रत्येक किलोमागे इंधन जाळावे लागत असल्याने या तर्काला मोल आहे. कृत्रिम मातीच्या तप्त रसातून वीज सोडली असता प्राणवायू सुटतो आणि लोखंड व सिलिकॉन मागे राहतात, हे तर प्रयोगशाळेत दिसून आलेच आहे.