व्हीलचेअर आणि टॅक्सीचे दार

कमरेखालचा भाग लुळा असलेली व्यक्ती मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत कशी बसते हे बारकाईने पाहिल्यास, वाहनाने करावयाचे काम तेथे माणसाचे खांदे करतात, असे दिसून येते. व्हीलचेअर उघड्या दारापाशी तिरकी लावून ब्रेक ओढले जातात, पायपट्ट्या बाजूला वळवल्या जातात, आणि मग प्रवासी एक हात खुर्चीवर व दुसरा टॅक्सीच्या सीटवर रोवून, छत डोक्याला लागू नये म्हणून मान खाली घालून, आधी कंबर सरकवतो आणि नंतर एकेक पाय हातांनी उचलून आत घेतो. या क्रियेला ‘ट्रान्सफर’ म्हणतात. खुर्ची व सीट यांच्यातील अंतर जास्त असेल, तर मध्ये गुळगुळीत फळी टाकून तिच्यावरून सरकावे लागते. मदतीला धावलेला चालक बहुधा बगलेत हात घालून उचलतो. त्यात खांदा दुखावण्याचा धोका असतोच, शिवाय संवेदना नसल्यामुळे दाराच्या कडेला मांडी खरचटली तरी प्रवाशाला ते कळत नाही आणि अशी जखम चिघळल्यास महिनोन्‌महिने अंथरूण धरावे लागते. म्हणूनच कसे धरायचे, हे ज्याचे शरीर आहे त्यालाच आधी विचारले पाहिजे.

त्यानंतर प्रश्न उरतो तो खुर्चीचा. सीएनजी टॅक्सीच्या डिकीतील बरीच जागा गॅसच्या टाकीने व्यापलेली असल्याने घडीची खुर्चीही पुष्कळदा टपावरच्या कॅरिअरला दोरीने बांधावी लागते. घडी न होणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या जड खुर्चीला तर तीही सोय नाही.

लंडनच्या काळ्या टॅक्सीत व्हीलचेअरसह शिरता येणे २००० सालापासून बंधनकारक आहे. तेथे चालक रॅम्प, म्हणजे उतरती फळी, लावतो, खुर्ची आत घेऊन पट्ट्यांनी जखडतो, आणि २०१७ पासून लागू झालेल्या तरतुदींनुसार यासाठी त्याला जादा भाडे आकारता येत नाही. प्रवाशाला खुर्चीतून उठावेच लागत नाही, हा त्यातला खरा फरक.

भारतातील दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्येही सुगम वाहतुकीची तरतूद आहे, आणि सुगम्यतेचे किमान निकष सक्तीचे असावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये बजावले आहे. तेव्हा टॅक्सीचे नवे परवाने देतानाच त्यांतील ठरावीक वाटा रॅम्पच्या गाड्यांसाठी राखून ठेवणे, हे राज्याच्या परिवहन खात्याने आता लांबणीवर टाकू नये.