तलावाकाठची सायकल आणि पोटरीचे दुखणे

रविवारी उजाडता उजाडता गोरेगावच्या आरे रस्त्यावर सायकलींची रांग दिसू लागते. त्यात गिअरच्या महागड्या सायकली असतात, तशी मुलाची जुनी सायकल बाहेर काढून आलेली पन्नाशीतली मंडळीही असतात. डॉक्टरांनी ‘वजन कमी करा, साखर वाढते आहे’ असे सांगितल्यावर अनेकांना सायकल आठवते. चालण्यापेक्षा तिच्यात गंमत जास्त आणि गुडघ्यांवर भार कमी, त्यामुळे हा निर्णय योग्यच आहे.

उपनगरांत सायकलीसाठी निवांत रस्ते कुठे, असा प्रश्न पडतो. पण इमारतींच्या गर्दीतही अंधेरी ते बोरिवली आणि मुलुंड या पट्ट्याचे पाण्याशी जवळचे नाते आहे. विहार तलाव १८६० मध्ये पूर्ण झाला, तुळशी १८७९ मध्ये आणि पवई १८९१ मध्ये. विहार आणि पवईच्या सांडव्याच्या पाण्यातून मिठी नदी सुरू होते आणि सुमारे १८ किलोमीटर वाहत माहीमच्या खाडीला मिळते. दहिसर आणि पोईसर नद्या राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरातून उतरतात, ओशिवरा आरेच्या टेकड्यांतून येते. सायकलस्वारांचे आवडते रस्ते याच पाण्याच्या आसपास आहेत.

फायदा किती?

ब्रिटनमधील अडीच लाखांहून अधिक लोकांची पाहणी २०१७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. कामावर सायकलने जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण, गाडीने किंवा सार्वजनिक वाहनाने जाणाऱ्यांपेक्षा सुमारे ४१ टक्क्यांनी कमी आढळले. सायकल चालवणारे मुळात थोडे अधिक निरोगी असतात, हे लक्षात घेऊनच हा आकडा वाचावा. तरीही सायकलीचा हृदयाला फायदा होतो, याबद्दल वैद्यकशास्त्रात दुमत नाही.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. ‘मध्यम’ म्हणजे किती, हे ओळखण्याची सोपी खूण आहे. सायकल चालवताना सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. दोन वाक्यांतच दम लागत असेल तर व्यायाम जोरदार झाला. ताशी १५ किलोमीटरच्या निवांत वेगाने ७० किलो वजनाचा माणूस तासाभरात साधारण २८० कॅलरी खर्च करतो. म्हणजे फेरी संपवून टपरीवर एक वडापाव खाल्ला की हिशेब जवळजवळ बरोबरीत सुटतो. वजन उतरवायचे असेल तर सायकलीसोबत ताटाकडेही पाहावे लागते.

रस्ता म्हणजे औषधाची मात्रा

एकच अंतर वेगवेगळ्या रस्त्यांवर हृदयाकडून वेगवेगळे काम करून घेते. त्यामुळे रस्ता निवडणे हे औषधाची मात्रा ठरवण्यासारखेच आहे.

नवख्या माणसासाठी बोरिवली पश्चिमेची गोराई जेट्टी चांगली. बोटीने खाडी ओलांडली की गोराई ते उत्तन हा बराचसा सपाट रस्ता लागतो. इथे चढापेक्षा वारा दमवतो. दुपारी समुद्रावरून येणारा वारा वाढतो आणि वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. म्हणून सकाळी लवकर जावे आणि समोरून वारा असताना वेग राखण्याचा हट्ट सोडावा.

आरेचा रस्ता मधल्या मात्रेचा. झाडी आहे, छोटे चढउतार आहेत. मात्र दिवस वर आल्यावर वाहने वाढतात. पवईला तलाव डोळ्यांना सुखावतो, पण शेजारच्या जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर गाड्यांचा धूर असतो. जोरात श्वास घेताना तो धूर फुप्फुसात अधिक जातो, त्यामुळे दम्याच्या रुग्णांनी गर्दीच्या वेळा टाळाव्यात. पवईच्या काठाने सायकल मार्ग बांधण्याचे काम महापालिकेने हाती घेतले होते. मुंबई उच्च न्यायालयाने ते २०२२ मध्ये बेकायदा ठरवले. या तलावात मगरी आहेत, तेव्हा पाण्याजवळ जाऊ नये. विहार आणि तुळशी हे तर पिण्याच्या पाण्याचे तलाव, तिथे परवानगीशिवाय जाता येत नाही.

सर्वांत मोठी मात्रा राष्ट्रीय उद्यानातली. बोरिवलीच्या मुख्य दारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत सुमारे सहा किलोमीटरचा रस्ता आहे आणि शेवटी चढ लागतो. चढावर शरीराचे आणि सायकलीचे सगळे वजन वर ओढावे लागते, त्यामुळे नाडीचा वेग झपाट्याने वाढतो. चाळिशी ओलांडलेल्या आणि मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान किंवा घरात कमी वयात हृदयविकार असलेल्यांनी आधी तपासणी करून घ्यावी आणि काही आठवडे सपाट रस्त्यावर सराव करावा. चढावर छातीत दडपण आले, जबडा किंवा हात भरून आला, घाम फुटला, तर ते ‘गॅस’ समजून पुढे जाऊ नये. थांबून मदत मागावी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. उद्यानात आणि आरेत बिबट्यांचा वावर आहे, म्हणून अंधारात एकट्याने फिरू नये.

पावसाळ्यातला फसवा दुखावा

पावसात हेच रस्ते सर्वांत सुंदर दिसतात, आणि सर्वांत जास्त सावधगिरीही याच दिवसांत लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पूर ओसरल्यावर शहरात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने आले. हा आजार उंदीर, कुत्री, गाई-म्हशी यांच्या मूत्रातून पाण्यात आणि चिखलात मिसळणाऱ्या जंतूंमुळे होतो. जखमेतून, खरचटलेल्या त्वचेतून किंवा डोळे आणि तोंडाच्या नाजूक आवरणातून जंतू शरीरात शिरतात.

आता सायकलस्वाराकडे पाहू. पायडल निसटून नडगीवर बसलेला ओरखडा त्याला नवा नसतो. मडगार्ड नसलेले चाक रस्त्यावरचे पाणी थेट पायांवर आणि चेहऱ्यावर उडवते. तबेल्यांच्या आसपासचा किंवा तुंबलेल्या नाल्यालगतचा रस्ता असेल तर जंतूला आत शिरायला एवढे पुरते.

लक्षणे साधारण ५ ते १४ दिवसांनी दिसतात, म्हणजे तोवर ती फेरी विस्मरणात गेलेली असते. अचानक ताप, थंडी, डोकेदुखी आणि पोटऱ्यांत तीव्र वेदना ही या आजाराची ओळख. इथेच फसगत होते. समजा, पंचेचाळिशीचा एक गृहस्थ दर रविवारी सायकल चालवतो. पोटऱ्या दुखू लागल्या की तो म्हणतो, ‘चढ जास्त झाला.’ वेदनाशामक गोळी घेतो, बाम चोळतो आणि दोन-तीन मोलाचे दिवस निघून जातात.

फरक ओळखता येतो. सायकलीच्या श्रमाने सहसा आधी मांड्या दुखतात, दुखणे एक-दोन दिवसांत वाढून मग उतरते आणि ताप येत नाही. लेप्टोमध्ये ताप असतो, दोन्ही पोटऱ्या दाबल्या तरी कळ येते आणि अनेकदा डोळे लाल होतात, पण त्यांतून चिपडे येत नाहीत. पावसाळ्यात ताप आणि पोटरीचे दुखणे एकत्र आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि पाण्यातून सायकल नेल्याचे आवर्जून सांगावे. डोळे पिवळे होणे, लघवी कमी होणे, धाप लागणे किंवा थुंकीतून रक्त येणे यांपैकी काहीही दिसले तर थेट रुग्णालय गाठावे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. वेळेत सुरू केलेली साधी प्रतिजैविके या आजारावर चांगली चालतात. उशीर झाला तर मूत्रपिंडे आणि फुप्फुसे धोक्यात येतात.

प्रतिबंध अवघड नाही. तुंबलेल्या पाण्यातून सायकल नेऊ नये, खाली उघडे मॅनहोलही असू शकते. दोन्ही चाकांना मडगार्ड लावावेत. लांब मोजे घालावेत, जखम असेल तर पाणी न शिरणारी पट्टी लावावी. घरी येताच पाय साबणाने धुवावेत. अंगावर जखम असताना घाण पाण्याशी संबंध आलाच, तर २४ ते ७२ तासांत डॉक्टरांना भेटावे. डॉक्सिसायक्लिनची प्रतिबंधक मात्रा द्यायची का, हे ते ठरवतात. गर्भवती आणि लहान मुलांसाठी हे औषध योग्य नसते, म्हणून ते परस्पर घेऊ नये.

मुसळधार पाऊस असेल त्या रविवारी सायकल घरी ठेवून जिन्याच्या चार फेऱ्या माराव्यात. पाऊस उघडला की तलावाकाठचे रस्ते तिथेच असतात.